डोळ्यांच्या श्रमाचे मोल

श्रमाचा विचार करताना अर्थशास्त्राने हातांचा, पाठीचा आणि फार तर बुद्धीचा हिशेब मांडला. डोळ्यांच्या श्रमाचा स्वतंत्र हिशेब मांडण्याची गरज त्याला क्वचितच भासली. हमालाने किती पोती वाहिली, विणकराने किती वार कापड विणले, गवंड्याने किती भिंत उचलली, याची मोजदाद करता येते. परंतु दिवसाचे आठ-दहा तास उजळ पडद्यावरील अक्षरे आणि आकडे न्याहाळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी किती काम केले, याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. संध्याकाळी त्याचे डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकते, मान आखडते आणि समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे क्षणभर अंधुक दिसतात. हा त्याच्या दिवसाच्या खर्चाचाच एक भाग असतो. पण तो खर्च कोणाच्याही जमाखर्चात चढत नाही.

संगणक आणि मोबाइल यांच्या पडद्यांमुळे डोळ्यांना येणाऱ्या ताणाबद्दल सध्या पुष्कळ बोलले जाते. परंतु या बोलण्याचा सूर बहुधा वैयक्तिक आरोग्याच्या उपदेशाचा असतो. डोळे मिचकावा, पाणी प्या, रात्री मोबाइल दूर ठेवा, असे सांगून सल्लागार मोकळे होतात. हा उपदेश चुकीचा नाही, अपुरा आहे. ज्याचे पोट पडद्यावर अवलंबून आहे आणि ज्याच्या कामाचा वेग दुसरा कोणी ठरवतो, त्याला पडद्यावरून नजर काढण्याचे स्वातंत्र्य कितपत आहे, हा खरा प्रश्न आहे. त्या अर्थाने डोळ्यांचा ताण हा जितका नेत्रवैद्यकाचा, तितकाच कामाच्या रचनेचा आणि खर्चाच्या वाटपाचाही विषय ठरतो.

जुने दुखणे, नवा विस्तार

बारीक कामाने डोळे शिणतात हे मानवाला नव्याने उमगलेले नाही. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. बारीक काम करणाऱ्या कारागिरांच्या अधू होत जाणाऱ्या दृष्टीची दखल त्याने त्यात घेतली आणि दिवसभर बसून लिहिणाऱ्या लेखनिकांच्या व्याधींचीही चर्चा केली. आपल्याकडे चिमणीच्या उजेडात नक्षीकाम करणारा सोनार, येवल्याच्या मागावर जरीच्या तारा सांभाळणारा पैठणीचा विणकर, छापखान्यात उलटी अक्षरे वाचत खिळे जुळवणारा कामगार आणि त्याच्या कामातील चुका हेरणारा मुद्रितशोधक, ही सारी माणसे डोळ्यांच्या बळावरच पोट भरत आली. चष्म्याची जाड भिंगे ही त्यांच्या धंद्याची जणू खूणच होती.

मग पडद्याने नवीन काय केले? त्याने दोन गोष्टी केल्या. पूर्वी जे कष्ट काही मोजक्या व्यवसायांपुरते मर्यादित होते, ते त्याने सार्वत्रिक केले. बँकेतील कारकून, रेल्वेचा आरक्षण-लिपिक, तलाठी, प्राध्यापक, वास्तुशिल्पी, वार्ताहर, क्ष-किरण चित्रे तपासणारा डॉक्टर आणि घरोघरी वस्तू पोहोचवणारा तरुण अशा एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या व्यवसायांतील माणसे आज एकाच प्रकारच्या श्रमात ओढली गेली आहेत. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जुन्या कचेरीच्या कामात विश्रांतीच्या अनेक लहान जागा दडलेल्या होत्या. टंकलेखन-यंत्रावर नवा कागद चढवावा लागे. कपाटातून फाईल काढण्यासाठी उठावे लागे. खतावणीचे पान उलटावे लागे. साहेबांची सही घेण्यासाठी दुसऱ्या दालनात जावे लागे. या हालचाली कामाचाच भाग असल्यामुळे त्यांना कोणी विश्रांती म्हटले नाही. पण त्या निमित्ताने नजर जवळून दूर जात असे आणि दुरून जवळ येत असे. फाईल, पत्र, टाचण, संभाषण आणि सही ही सर्व कामे एकाच पडद्यावर आणून संगणकाने हा अपव्यय दूर केला. कार्यक्षमता वाढली यात शंका नाही. मात्र अपव्यय म्हणून जे काढून टाकले, त्यातच डोळ्यांची विश्रांती होती, हे ध्यानात यायला फार वेळ लागला.

डोळ्यांत काय घडते?

पडद्याकडे पाहताना डोळ्याला दोन प्रकारचे कष्ट पडतात. पहिला कष्ट स्नायूंचा. दूरचे पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू सैल असतो. जवळचे पाहताना तो आकुंचन पावतो आणि भिंग अधिक फुगीर होते. पदार्थ जितका जवळ, तितका हा प्रयास अधिक. एक मीटर भागिले अंतर असा सरळ हिशेब त्यासाठी मांडता येतो. अर्ध्या मीटरवरील पडद्यासाठी डोळ्याला २ डायॉप्टर इतके समायोजन करावे लागते. मोबाइल ३३ सेंटिमीटरवर धरला की ते ३ डायॉप्टर होते. सहा मीटर दूर पाहताना मात्र ते जवळजवळ शून्यावर येते. शिवाय जवळची वस्तू एकच दिसावी म्हणून दोन्ही डोळे आतल्या बाजूला वळवावे लागतात. मूठ थोडा वेळ आवळली तर काही बिघडत नाही. ती चार तास आवळून ठेवली तर हात भरून येतो. डोळ्यांच्या बाबतीत तेच घडते. दीर्घकाळ जवळ पाहिल्यानंतर दूरचे क्षणभर अंधुक दिसते, कारण आवळलेला स्नायू लगेच सैल होत नाही.

दुसरा कष्ट कोरडेपणाचा. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सतत पसरलेला असतो. पापणी दर वेळी मिटताना तो नव्याने सारवते. काझुओ त्सुबोता आणि नाकामोरी या जपानी संशोधकांनी १०४ कचेरी-कर्मचाऱ्यांचे निरीक्षण करून १९९३ साली प्रसिद्ध केलेली मोजमापे या संदर्भात उद्बोधक आहेत. निवांत असताना माणसाच्या पापण्या मिनिटाला सरासरी २२ वेळा मिटत होत्या. टेबलावरील पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्यावर काम करताना केवळ ७ वेळा. त्याहून अर्थपूर्ण अशी एक बाब त्यांनी मोजली, ती म्हणजे डोळ्याचा किती भाग हवेला उघडा राहतो. पुस्तक खाली ठेवून वाचताना पापणी खाली झुकते आणि डोळ्याचा उघडा भाग १.२ चौरस सेंटिमीटर इतका लहान होतो. समोर उभ्या असलेल्या पडद्याकडे पाहताना तो २.३ चौरस सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ दुप्पट असतो. याचा अर्थ असा की, पडद्यासमोर बसलेला माणूस पापण्या कमी मिटतो आणि डोळे अधिक उघडे ठेवतो. त्यावर वातानुकूलन-यंत्राचा कोरडा झोत थेट तोंडावर येत असेल, तर डोळ्यात वाळू गेल्यासारखी रखरख सुरू व्हावी यात नवल नाही. कधी कधी अशा डोळ्यांना उलट पाणी सुटते. कोरड्या पृष्ठभागाची चीड शमवण्यासाठी शरीराने केलेला तो प्रतिकार असतो.

या दोन कष्टांत भर घालणारी आणखी काही कारणे आहेत. मागच्या खिडकीची तिरीप पडद्यावर पडते. खोलीत अंधार आणि पडदा लखलखीत, अशी विसंगती असते. अक्षरे नको तितकी बारीक असतात. परंतु सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे चष्म्याचा न तपासलेला नंबर. किंचित दोष असलेला डोळा एरवीच्या व्यवहारात आपली उणीव झाकून नेतो; पडदा ती उघडी पाडतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाची अडचण तर वेगळीच असते. वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी केलेला असतो आणि पडदा त्याहून लांब असतो. एकाच भिंगात दूरचे आणि जवळचे नंबर असलेला चष्मा घालणारा कर्मचारी भिंगाच्या खालच्या भागातून पडदा दिसावा म्हणून दिवसभर हनुवटी वर उचलून बसतो. त्याची मान दुखते आणि तो मानेचे उपचार करीत राहतो.

भय आणि वस्तुस्थिती

अशा विषयात अनावश्यक भय पसरणेही हिताचे नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत संगणकाचे पडदे आले, तेव्हा त्यांतून निघणाऱ्या किरणांनी मोतीबिंदू होतो, अशी शंका व्यक्त झाली होती. त्या पार्श्वभूमीवर नेमल्या गेलेल्या समित्यांपैकी एका महत्त्वाच्या समितीचा अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या वतीने १९८३ साली प्रसिद्ध झाला. पडद्यांमुळे डोळ्यांचा एखादा रोग जडतो असा पुरावा त्या समितीला मिळाला नाही. तक्रारी मात्र खऱ्या होत्या. आणि त्यांचा संबंध प्रकाशयोजना, चकाकी, बैठक व कामाची रचना यांच्याशी होता. चार दशके लोटली, काचेच्या नळीचे अवजड पडदे जाऊन सपाट पडदे आले, तरी या निष्कर्षाचा गाभा ढळलेला नाही. पडद्याचा ताण माणसाला आंधळा करीत नाही. तो त्याचा दिवस मात्र खराब करतो. ज्याचे असे अडीचशे-तीनशे दिवस दरसाल खराब होतात, त्याच्या दृष्टीने हा भेद फारसा सुखावह नाही.

मुलांच्या बाबतीत चिंता निराळी आहे आणि ती मोठ्यांच्या तक्रारीत मिसळू नये. वाढत्या वयात सतत जवळ पाहणे आणि उघड्यावरील उजेडात फार कमी वेळ घालवणे या दोन्हींचा संबंध ऱ्हस्वदृष्टीशी, म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याशी आढळतो. चीनमधील ग्वांगझू येथे प्राथमिक शाळांतील मुलांना दररोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर घालवायला लावले गेले. तीन वर्षांनंतर त्या मुलांत ऱ्हस्वदृष्टीचे नवे प्रमाण ३०.४ टक्के आढळले. अशी सोय नसलेल्या शाळांत ते ३९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. शाळेचे मैदान ही चैन नसून दृष्टीची गुंतवणूक आहे, हा त्यातील बोध. करोनाच्या साथीत वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढून आठवीपर्यंतच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिकांची मर्यादा सुचवली होती. साथ ओसरली आणि तासिका पुन्हा वर्गात भरू लागल्या; मोबाइल मात्र मुलांच्या हातातच राहिला. मर्यादेची ती कल्पना साथीबरोबर विसरली जाऊ नये.

विकाऊ उपाय आणि फुकटचे उपाय

जेथे दुखणे सार्वत्रिक, तेथे बाजारपेठ धावून येतेच. पडद्यातील निळ्या प्रकाशाचा बागुलबुवा उभा करून तो गाळणारी भिंगे आज सर्रास विकली जातात. नंबर नसलेल्या तरुणांच्याही नाकावर असे चष्मे दिसतात. वस्तुतः पडद्यातून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडातील निळ्या प्रकाशाच्या तुलनेत अत्यल्प असतो. या भिंगांवरील १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केला. साध्या भिंगांच्या तुलनेत या भिंगांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असे त्यातून दिसून आले नाही. अशा भिंगांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ब्रिटनमधील एका बड्या चष्माविक्रेत्या कंपनीला २०१७ साली ४० हजार पौंडांचा दंड झाला होता.

औषधांच्या दुकानातून सल्ल्यावाचून घेतलेल्या थेंबांची गोष्ट याहून गंभीर आहे. कृत्रिम अश्रूंचे साधे थेंब बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु लाली आणि चुरचुर चटकन घालवणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. असे थेंब महिनोन्महिने घातले, तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूचा आणि त्याचबरोबर मोतीबिंदूचा धोका संभवतो. पडद्याने जी हानी केली नसती, ती त्यावरील उपायाने होते, असा हा विपरीत प्रकार आहे.

याउलट जे उपाय खरोखर गुणकारी आहेत, त्यांना फारसा खर्च नाही. पडदा हातभर लांब असावा आणि त्याची वरची कड नजरेच्या पातळीच्या किंचित खाली असावी, म्हणजे पापणी झुकलेली राहते. खिडकी पाठीमागे वा समोर नसून बाजूला असावी. अक्षरे मोठी करावीत. पडद्याची उजळी खोलीतील उजेडाशी जुळवून घ्यावी. वाऱ्याचा झोत डोळ्यांवर येऊ देऊ नये. पापण्या मधूनमधून जाणीवपूर्वक पूर्ण मिटाव्यात, आणि मुख्य म्हणजे नजर वारंवार दूर न्यावी. दर २० मिनिटांनी २० फूट अंतरावर २० सेकंद पाहावे, हा अमेरिकेतून प्रसृत झालेला नियम आता सर्वश्रुत आहे. त्यातील आकडे लक्षात राहावेत म्हणून जुळवलेले आहेत; वीसच सेकंद पुरेसे असतात असे प्रयोगांनी निर्विवाद सिद्ध झालेले नाही. तत्त्व मात्र खरे आहे. हे उपाय मागे पडतात, याचे कारण उघड आहे. ज्या उपायाला विक्रेता नाही, त्याला जाहिरात नाही. आणि ज्याची जाहिरात नाही, त्यावर विश्वास ठेवणे आजच्या माणसाला कठीण जाते.

विश्रांतीचे अर्थशास्त्र

फुकटच्या या उपायांपैकी विश्रांती हा उपाय कर्मचाऱ्याला फुकट असला, तरी मालकाला तो फुकट वाटत नाही. पाच मिनिटे नजर पडद्यावरून निघाली की पाच मिनिटांचे उत्पादन बुडाले, असा त्याचा सरळ हिशेब असतो. हा हिशेब तपासून पाहण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. आकडेवारीची नोंद करणाऱ्या ४२ कर्मचाऱ्यांना दिवसातील नेहमीच्या दोन सुट्ट्यांशिवाय काही आठवडे पाच-पाच मिनिटांच्या आणखी चार सुट्ट्या देण्यात आल्या. ट्रेसी गॅलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार डोळ्यांचा ताण आणि अंगदुखी या दोन्ही लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या. आणि वीस मिनिटांचे काम कमी होऊनही दिवसभराच्या नोंदींत घट झाली नाही. थकलेल्या डोळ्यांकडून करून घेतलेली वीस मिनिटे मालकाला काहीच मिळवून देत नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

चष्म्याच्या बाबतीत भारतातीलच पुरावा याहून बोलका आहे. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशी उलटलेल्या ७५१ कामगारांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना जवळच्या दृष्टीचा साधा, स्वस्त चष्मा दिला, त्यांची पाने खुडण्याची उत्पादकता चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. चहाची पाने खुडणाऱ्या हातांना स्पष्ट दृष्टीचा इतका लाभ होत असेल, तर आकड्यांच्या रांगा तपासणाऱ्या डोळ्यांना तो किती होईल, याची कल्पना करणे अवघड नाही.

मग विश्रांती आणि चष्मा या दोन्ही गोष्टी किफायतशीर असूनही त्या आपोआप का मिळत नाहीत? याचे उत्तर खर्चाच्या वाटपात आहे. कारखान्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा खर्च कारखानदाराच्या वहीत येत नाही, तो आसपासच्या वस्तीला सोसावा लागतो, हे ए. सी. पिगू यांनी १९२० साली आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात विशद केले. डोळ्यांचा ताण हा पडद्याच्या अर्थव्यवस्थेचा धूर आहे. डोकेदुखीची गोळी, डॉक्टरांचे शुल्क, बदललेला चष्मा, घरी परतल्यावर मुलांशी बोलण्याचीही उमेद न उरणे, हा सारा खर्च कर्मचारी आणि त्याचे कुटुंब सोसते. नोकऱ्या बदलण्याचे प्रमाण जेथे मोठे असते, तेथे तर आजच्या कर्मचाऱ्याच्या डोळ्यांची काळजी घेऊन उद्याच्या मालकाचा फायदा का करावा, असाही विचार बळावतो. बाजारपेठ जेथे अशा रीतीने चुकते, तेथे नियमांची गरज निर्माण होते.

कायदा काय म्हणतो?

युरोपीय समुदायाने ही गरज १९९० सालीच ओळखली. त्या वर्षी मे महिन्यात काढलेल्या निर्देशानुसार पडद्यावरील काम ठरावीक काळाने विश्रांतीने किंवा वेगळ्या कामाने खंडित व्हावे, असे बंधन मालकांवर आले. कामावर घेण्यापूर्वी, त्यानंतर नियमित अंतराने आणि त्रास जाणवल्यास डोळ्यांची तपासणी करावी आणि या कामासाठी वेगळ्या चष्म्याची गरज ठरल्यास त्याचा भार कर्मचाऱ्यावर पडू नये, हेही त्यात स्पष्ट केले होते. रुमानियातील एका सरकारी कर्मचाऱ्याने चष्म्याच्या खर्चाची भरपाई मागितली आणि ती नाकारली गेली. तो वाद युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचला आणि अशा चष्म्याचा समावेश निर्देशात होतो, असा निर्णय डिसेंबर २०२२ मध्ये लागला. स्वीडनमध्ये तर पांढरपेशा कर्मचाऱ्यांच्या महासंघाने १९९२ साली पडद्यांसाठी स्वतःचे प्रमाणचिन्ह सुरू केले आणि यंत्रांच्या उत्पादकांना ते मिळवण्याची धडपड करावी लागली. संघटित कर्मचारी केवळ वेतन आणि बोनस यांचीच बोलणी करतात असे नाही, याचा हा उत्तम दाखला आहे.

भारतातही या विचाराचे बीज जुने आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या सतराव्या कलमात पुरेशा प्रकाशाबरोबरच चकाकी आणि डोळ्यांवर ताण आणणाऱ्या सावल्या टाळण्याची तरतूद होती. म्हणजे डोळ्यांचा ताण हा शब्दप्रयोग भारतीय कामगार कायद्याला स्वातंत्र्यानंतर लवकरच परिचित झाला होता. परंतु ती तरतूद कारखान्यासाठी होती. कचेरी तिच्या कक्षेबाहेर राहिली. पुढे १९८३ साली बँक-कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात संगणकीकरणाबाबत करार झाला, तेव्हा वादाचा केंद्रबिंदू नोकऱ्यांचा होता आणि त्या काळात ते स्वाभाविकही होते. आता कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. २०२० साली संमत झालेली ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी तीत स्वतंत्र प्रकरण नाही. तथापि शासनाने विहित केलेल्या वयाच्या वा वर्गाच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्य-तपासणी मालकाने विनामूल्य करावी, अशी तरतूद तीत आहे. दार उघडे आहे. त्यातून आत जायचे की नाही, हे नियम करणाऱ्या शासनाने ठरवायचे आहे.

दुर्बळांचा पडदा

पडद्याचा त्रास म्हटला की हिंजवडीतील किंवा ऐरोलीतील काचेच्या इमारतींत बसणारा संगणक-अभियंता डोळ्यांसमोर येतो. त्याचे कष्ट खरे आहेत. पण त्याला निदान मोठा पडदा, वर-खाली होणारी खुर्ची आणि विम्याचे संरक्षण असते. ज्यांच्या हातात शासनाने किंवा मध्यस्थ कंपनीने पाच-सहा इंची पडदा दिला, त्यांची गणना या चर्चेत होत नाही. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ साली शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले होते. ते संच तापतात, त्यांची क्षमता अपुरी आहे आणि पोषणाच्या नोंदी ठेवण्याची प्रणाली इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. सेविकांपैकी कित्येक जणी चाळिशीपुढच्या असतात. बारीक अक्षर, परकी लिपी, उन्हात न दिसणारा पडदा आणि चष्म्याचा अभाव, असे चारही अडथळे पार करून बालकाचे वजन नोंदवायचे असेल, तर तो श्रम ‘एक बटण दाबणे’ इतका हलका उरत नाही. घरोघर माल पोहोचवणारा तरुण दुपारच्या लखलखीत उन्हात पडद्यावरचा पत्ता डोळे बारीक करून वाचतो. त्याच्या बाबतीत डोळ्यांच्या ताणाचा संबंध अपघाताशीही पोहोचतो. त्याला वीस मिनिटांनी वीस सेकंदांचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होईल.

काय करता येईल?

उपाय अशक्यप्राय नाहीत. राज्य शासनाने संहितेखालील आपल्या अधिकारांत पडद्यावर सलग काम करणाऱ्यांचा वर्ग विहित करावा आणि त्यांच्या वार्षिक तपासणीत डोळ्यांच्या तपासणीचा समावेश करावा. शासन स्वतःच मोठा मालक असल्यामुळे आरंभ त्याने आपल्या कचेऱ्यांतून आणि अंगणवाड्यांतून करावा. सेविकेला मोबाइल देताना तिची दृष्टी तपासून गरज असल्यास चष्माही द्यावा. दोहोंच्या किमतीतील अंतर पाहता चष्म्याने तिजोरीवर फारसा बोजा पडणार नाही. दृष्टीदोष सुधारणाऱ्या चष्म्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला आहे, ही त्या दृष्टीने अनुकूल बाब आहे. शासकीय प्रणालींतील अक्षरे मोठी आणि मराठी असावीत, हा आग्रह भाषाभिमानाचा तर आहेच. तो डोळ्यांच्या आरोग्याचाही आहे.

खासगी आस्थापनांनी तासाला पाच मिनिटांची विश्रांती कामाच्या मापातच धरावी. कर्मचाऱ्याच्या बोटांची हालचाल थांबली की त्याची नोंद करणाऱ्या यंत्रणा ज्या कचेऱ्यांत बसवलेल्या आहेत, तेथे विश्रांतीचा फलक भिंतीवर लावून काही साधणार नाही. मापच बदलावे लागेल. कामगार संघटनांनीही आपल्या मागण्यांच्या यादीत या प्रश्नाला स्थान द्यायला हवे. आणि कर्मचाऱ्याने आपल्या परीने डोळ्यांकडे लक्ष द्यावे. वर्षातून एकदा नंबर तपासून घ्यावा, मधुमेह असेल तर दृष्टिपटलाची तपासणी चुकवू नये. एकाएकी दृष्टी कमी होणे, प्रकाशाचे झोत चमकणे किंवा डोळा लाल होऊन तीव्रपणे दुखणे, ही पडद्याच्या ताणाची लक्षणे मानून घरगुती उपाय करीत बसू नये.

यंत्राला गरम होऊ न देण्यासाठी पंखा बसवला जातो, त्याला ठरावीक काळाने बंद ठेवले जाते, त्याच्या झिजेची रक्कम दरवर्षी ताळेबंदात वेगळी काढली जाते. पडदा पाच वर्षांनी बदलता येतो. त्यासमोर बसणारे डोळे जन्मभर पुरवावे लागतात. त्यांच्या झिजेची तरतूद कोणाच्या वहीत करायची, याचा निर्णय आजवर कोणी घेतलेला नाही. आणि जो निर्णय घेतलाच जात नाही, त्याचा भार नेहमी दुर्बळाच्याच खात्यावर पडतो.